नळीने भरवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या माणसाला कसे शिकवावे?

कोयनाकाठ

नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. जन्मताच तो रडला नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्यातून त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. चारही हातपाय ताठ असतात, मान अजून नीट धरत नाही आणि दीड वर्षाचा असल्यापासून त्याला फिट येतात. गिळताना अन्न श्वासनलिकेत उतरून एका वर्षात तीन वेळा न्यूमोनिया झाला, तेव्हा डॉक्टरांनी तोंडाने भरवणे थांबवायला सांगितले आणि चार महिन्यांपूर्वी पुण्यात त्याच्या पोटात नळी बसवली. त्या निर्णयाची मला खंत नाही. त्याचे वजन साडेअकरा किलोवरून तेरा किलोवर आले आहे आणि तेव्हापासून एकदाही त्याला दवाखान्यात ठेवावे लागलेले नाही.

अडचण वेगळीच आहे. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. पहाटे साडेपाचला पहिले औषध, सहाला दूध, मग दर तीन तासांनी मिक्सरमधून काढून दोनदा गाळलेली पातळ खिचडी किंवा नाचणीची पेज, मधल्या वेळांना फिटची औषधे, कफ साठला की सक्शन म्हणजे यंत्राने तो ओढून काढणे, दुपारी हातापायांचे व्यायाम आणि रात्री दर दोन-अडीच तासांनी कूस बदलणे, हे सारे मी एकटी करते. यजमान एमआयडीसीत पाळीवर असतात. सासूबाईंचा नातवावर फार जीव आहे, पण नळीला हात लावायला त्या तयार होत नाहीत. "माझ्या हातून काही बरंवाईट झालं तर गं?" असे त्या विचारतात आणि त्यावर मला उत्तर सुचत नाही, कारण पहिले दोन आठवडे मलाही हीच भीती वाटत होती. जिथे नळी बसवली तिथल्या परिचारिकेने घरी सोडताना, पाळी बदलायच्या गडबडीत, मला एकदाच दहा मिनिटांत सगळे दाखवले. बाकीचे मी करत करत शिकले.

मागच्या महिन्यात मला १०२ ताप होता, त्या दिवशीही सहाही वेळा मीच भरवले. चार वर्षांची धाकटी मुलगी दारात उभी राहून "आई, माझी वेणी कधी?" एवढेच विचारत होती. मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) आहे, त्यावर ९० टक्के दिव्यांगत्व लिहिले आहे. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी सांगावे की घरातल्या दुसऱ्या माणसाला तुम्ही तयार कसे केलेत, बाहेरची मदत कुठून मिळते, आणि अशा मुलाच्या शाळेचे काय करतात.

पंचवटीकर

ताई, माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिचे निदान तुमच्या मुलासारखेच आहे आणि नळी बसवून नऊ वर्षे झाली. योजनांचे दुसरे कोणी सांगेलच. मी फक्त तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहिते, कारण त्याचा धडा मला फार वाईट पद्धतीने मिळाला.

२०१९ च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि सहा दिवस दवाखान्यात राहावे लागले. पहिल्याच रात्री यजमानांचा फोन आला की फ्रिजमध्ये एकाच औषधाच्या दोन बाटल्या आहेत, त्यातली कोणती द्यायची? एक जुनी आणि दुसरी दुप्पट तीव्रतेची होती, डॉक्टरांनी बदललेली, आणि तो बदल माझ्या डोक्याखेरीज कुठेही लिहिलेला नव्हता. सलाईन लावलेल्या हाताने फोन धरून मी त्यांना लेबलावरचे आकडे वाचायला लावत होते. इतकी वर्षे मी मुलीला सांभाळले याचा मला अभिमान होता, पण त्या रात्री कळले की मी सगळे स्वतःच्या डोक्यात कोंडून ठेवले होते आणि घरातल्या इतरांना तिच्यापासून दूर ठेवण्यात माझाही हात होता.

घरी आल्यावर मी एक कागद लिहिला, तो आजही फ्रिजच्या दारावर आहे आणि एक प्रत तिच्या बॅगेत असते. त्यावर वजन आणि ते कधी केले ती तारीख, प्रत्येक औषधाचे नाव, एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे आणि किती मिलिलिटर द्यायचे ("अर्धे झाकण" असे कुठेही लिहू नका), नळीचा आकार, ती कधी बदलली, कशाची अॅलर्जी आहे आणि कोणाला फोन करायचा एवढे आहे. तळाशी मी "ती नेहमी कशी असते" असे एक कलम घातले आहे. नव्या डॉक्टरांना तिचे ताठलेले हात पाहून फिट वाटते, आणि खरी फिट येते तेव्हा ती फक्त एका बाजूला टक लावून पाहते, हे तिथे लिहिले आहे. सिव्हिलमध्ये रात्री दोन वाजता तो कागद मी दोनदा वापरला आहे.

मग यजमानांना शिकवले. तीन दिवस त्यांनी फक्त पाहिले. पुढचे तीन दिवस त्यांनी केले आणि मी शेजारी बसले. त्यानंतर मी दुसऱ्या खोलीत गेले, म्हणजे खरे तर दारामागे उभी राहून ऐकत होते, आणि दहाव्या दिवशी पिशवी घेऊन भाजी आणायला बाहेर पडले. ती भाजी मी अर्ध्या तासात आणू शकले असते, पण मुद्दाम दीड तास लावला. सर्वांत अवघड होते ते गप्प बसणे. ते टॉवेलची घडी माझ्यासारखी घालत नाहीत, सिरींज माझ्यापेक्षा सावकाश भरतात, मुलीशी बोलत बोलत भरवतात. जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी चार-पाचच असतात, तेवढ्या काटेकोर शिकवा आणि बाकी त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. तुम्ही प्रत्येक वेळी सुधारत राहिलात तर माणूस चार दिवसांत हात काढून घेतो.

तुमच्या सासूबाईंच्या भीतीवर शब्दांनी उत्तर देऊ नका. ज्यात बिघडण्यासारखे काही नाही असे काम त्यांना आधी द्या: पेज गाळणे, सिरींजमध्ये मापाने पाणी भरणे, भरवताना मुलाला टेकवून धरणे. आठवडाभर सिरींज भरणारे माणूस एक दिवस आपणहून ती वर धरते.

शाळेबद्दल: ज्या मुलांना तीव्र किंवा एकाहून अधिक दिव्यांगत्व आहे त्यांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला आहे. मुलाचे नाव गावातल्या शाळेत घाला आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकाची मागणी लेखी करा. आमच्याकडे आठवड्यातून एकदा बाई यायच्या आणि तो एक तास मीही मोकळी असायचे. मात्र "घरीच शिकवू" हे शाळेने मुलाला टाळण्यासाठी पुढे केले तर मान्य करू नका, कारण हा पर्याय पालकांचा आहे, शाळेचा नाही.

वॉर्ड नंबर सात

मी बावीस वर्षे मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते आणि आता कोल्हापूर परिसरात घरी जाऊन अशा मुलांची काळजी घेणाऱ्यांना शिकवते. दहा मिनिटांत शिकवून घरी सोडले हे वाचून वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. शिकवणे म्हणजे दाखवणे नव्हे. ज्याला घरी करायचे आहे त्याने आमच्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवले, तरच ते शिकवणे झाले. पुढच्या तपासणीला जाताना दोन माणसे घेऊन जा आणि "हे दोघे तुमच्यासमोर करून दाखवतील, मगच आम्ही निघू" असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. तो तुमचा हक्कच आहे.

वर ज्या "जिवाशी गाठ असलेल्या चार-पाच गोष्टी" म्हटल्या आहेत, त्या माझ्या मते अशा. भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास मूल टेकून बसलेले असावे, आडवे नको. अन्न सिरींजचा दट्ट्या दाबून ढकलू नये, सिरींज उंच धरून आपोआप उतरू द्यावे आणि खोकला किंवा उमासा आला तर सिरींज खाली करून थांबावे. प्रत्येक अन्नानंतर व औषधानंतर पाणी सोडावे, नाहीतर पेज नळीत आंबून नळी बुजते. औषधे एकमेकांत किंवा अन्नात मिसळू नयेत. व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या काही घरांत खलबत्त्यात कुटून दिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या कुटायच्या नसतात, त्या औषधाचे सिरप मिळते, डॉक्टरांकडून ते लिहून घ्यावे.

नळी ओढली जाऊन बाहेर आली तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. पोटावरचे छिद्र काही तासांतच आकसू लागते. स्वच्छ गॉज ठेवा, बाहेर आलेली नळी पिशवीत घालून सोबत घ्या आणि सरळ रुग्णालय गाठा. शिकवलेले नसताना घरी परत बसवण्याचा प्रयत्न करू नका. आकार लिहिलेली एक जादा नळी घरात आणून ठेवलेली बरी, कारण तालुक्याच्या ठिकाणी हवा तो आकार रात्री मिळत नाही.

तुम्ही सहज लिहिलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली: वजन साडेअकरावरून तेरा किलो झाले आहे. फिटच्या औषधांची मात्रा वजनावर असते. ती शेवटची कधी ठरवली होती ते पाहा आणि डॉक्टरांना नवे वजन कळवा. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा घरी ठेवायला सांगितला असेल तर त्याचीही मात्रा पुन्हा विचारून घ्या. फिट सुरू होताच घड्याळ पाहा, मुलाला कुशीवर घ्या, तोंडात काही घालू नका, नळीवाटे काही चालू असेल तर बंद करा, आणि पाच मिनिटे उलटली की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे फवारा वापरून निघा. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात ती पाच मिनिटे जातात, म्हणून शेजारपाजारच्यांनाही एकदा बसवून हे सांगून ठेवा.

सक्शन मशीन घेताना बॅटरीवर चालणारे घ्या किंवा पायाने चालवायचा पंप जोडीला ठेवा. वीज गेली की कफ थांबत नाही.

जमाखर्च

मी पुण्यात हिशेबाचे काम करतो, मुलगा बारा वर्षांचा आहे. पैशांचे बोलतो, पण आधी एक कबुली. पहिली चार वर्षे मी स्वतःला मदत करणारा बाप समजत होतो, कारण फाइल मी सांभाळायचो, बिले मी लावायचो आणि गाडी मी चालवायचो. मुलाच्या पाठीला हात लावून कफ मोकळा करणे मला पाचव्या वर्षी आले, तेही बायकोने एका रविवारी चावी उचलून "मी माहेरी चालले, संध्याकाळी येते" असे सांगितल्यावर. तुमचे यजमान पाळीवर असतात म्हणजे काही दुपारी तरी घरी असतात. त्यांना या कामातून सूट देऊ नका.

आता हिशेब. सेरेब्रल पाल्सी ही १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात बसते, त्यामुळे तुमच्या मुलाला 'निरामय' आरोग्य विमा मिळू शकतो. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, नोंदणीआधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे रुग्णालयात दाखल न होता केलेले उपचार, थेरपी व येण्याजाण्याचा खर्चही काही मर्यादेत धरला जातो, जो इतर विमे सहसा धरत नाहीत. पैसे आधी खिशातून जातात आणि नंतर परत मिळतात, म्हणून फिजिओथेरपीची प्रत्येक पावती सही-शिक्क्याची घ्या. आमचे पहिल्या वर्षीचे अर्धे दावे पावतीवर तारीख नसल्यामुळे परत आले. मोठ्या दाखल उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी आहे, तिथे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण रुग्णालय यादीतले असावे लागते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जात "आर्थिक मदत मिळावी" असे मोघम न लिहिता "बॅटरीवर चालणारे सक्शन मशीन" असे वस्तूचे नाव लिहा. वस्तू मागितली की ठराव करणे सोपे जाते, हा माझ्या मेहुण्याचा, म्हणजे एका सरपंचाचा, अनुभव. बसण्यासाठी टेकण असलेली खुर्ची दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या शिबिरात अलिम्को या सरकारी कंपनीकडून मिळते, जिल्ह्यात शिबिर कधी आहे याची समाजकल्याण विभागात चौकशी करा. यजमान प्राप्तिकर भरत असतील आणि त्यांनी जुनी करपद्धत निवडली असेल, तर ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वासाठी १९६१ च्या कायद्याच्या ८०डीडी कलमात १,२५,००० रुपयांची वजावट होती आणि तिला प्रत्यक्ष खर्च किती झाला याची अट नव्हती. त्यांच्या कंपनीच्या लेखा विभागाला एवढे विचारून घ्या की गेल्या वर्षांत ती घेतली गेली का.

यातून वाचलेले पैसे कशावर घालवायचे तेही सांगतो: दिवसाला चार तास येणाऱ्या मावशींवर. त्यांना मुलाचे काम लगेच देऊ नका. पहिला महिना धुणे, भांडी आणि पेज गाळणे त्यांच्याकडे द्या. त्यामुळे तुमचे दोन तास मोकळे होतात, आणि मुलाला त्यांची सवय झाली की मग पंचवटीकर ताईंचा दहा दिवसांचा क्रम लावा.

लेस्टरहून

मी मूळची साताऱ्याची. इथे इंग्लंडमध्ये माझ्या भाच्याला नळी बसवली तेव्हा घरी सोडण्याआधी आई-वडील दोघांचीही तयारी तपासून पाहिली गेली आणि नंतर मुलांची सामुदायिक परिचारिका घरी येऊ लागली. दिव्यांग मुलांच्या पालकांना थोडा विसावा मिळावा अशी सेवा पुरवण्याची जबाबदारी २०११ च्या नियमांनी स्थानिक प्रशासनावर टाकलेली आहे. कागदावर हे सुरेख दिसते, पण प्रत्यक्षात रांग लांब असते आणि रात्रीची मदत मिळवायला बहिणीला दीड वर्ष पत्रव्यवहार करावा लागला. तरी इथल्या परिचारिकेने विचारलेला पहिला प्रश्न मला आठवतो: "तुम्ही आजारी पडलात तर उद्या सकाळचे पहिले औषध कोण देईल? त्या व्यक्तीचे नाव सांगा." नाव सांगता येईना म्हणून त्याच दिवशी मेहुण्यांचे शिक्षण सुरू झाले.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. पाच आठवडे झाले, म्हणून कळवते. कागद लिहिला आणि लिहिताना लक्षात आले की एका औषधाची मात्रा खरेच जुन्या वजनावर चालू होती. डॉक्टरांनी ती वाढवली आहे. तपासणीला यजमानांना आणि जाऊबाईंना घेऊन गेले. परिचारिकेने आधी "आईला येतं ना?" म्हणून टाळले, पण आम्ही तिथेच बसून राहिलो, तेव्हा तिने दोघांकडूनही करून घेतले. ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे, पोच हाती आहे. निरामयची कागदपत्रे जमवते आहे.

सासूबाई पहिले तीन आठवडे सिरींजच भरत होत्या. आता दुपारचे भरवणे त्यांच्याकडे आहे. एका हातात सिरींज उंच धरतात आणि दुसऱ्या हातात जपमाळ असते. डॉक्टरांनी वीस मिनिटे सांगितली होती, तर त्यांनी घड्याळाऐवजी माळा मोजल्या आणि एका भरवणीला किती माळा होतात ते ठरवून टाकले. आता सिरींज लवकर रिकामी झाली तर त्याच मला सांगतात की आज पेज पातळ झाली आहे. सक्शनला मात्र त्या अजून हात लावत नाहीत, ते यजमान करतात.

परवा रविवारी मी रात्री अकराला झोपले ते पहाटे चारला उठले. जाग आली तेव्हा यजमान त्याची कूस बदलत होते आणि पाठीमागे टॉवेलची गुंडाळी लावत होते. ती मी लावते तशी नव्हती. मी डोळे मिटून पडून राहिले. सकाळी मुलीची वेणी घातली, दोन्ही बाजूंना रिबिनी लावून.